हातांवर भार

कपाटाखाली गेलेलं बाटलीचं झाकण काढायला मी वाकले होते. झाकण मिळालं, पण उठताना टेबलाचा पाय धरावा लागला आणि तोंडातून नकळत 'आई गं' निघालं. मान वर केली तर दारात संचालक उभे.

"मॅडम, त्याबद्दलच बोलायला आलो होतो," ते म्हणाले.

"झाकणाबद्दल?"

"नाही. पडद्याबद्दल." ते संकोचले. "ते सगळं जमिनीवरचं काम आहे."

मी संग्रहालयाच्या जतन विभागात काम करते. शिक्षण रसायनशास्त्राचं, काम जुन्या कापडांचं आणि त्यांवरच्या रंगांचं. संग्रहालयाच्याच आवारात एक जुनं नाट्यगृह आहे आणि त्याच्या रंगमंचावर छतापासून खालपर्यंत टांगलेला एक रंगवलेला पडदा आहे. पडद्यावर नदी, नदीत होड्या, पलीकडे गाव. रंग सरसात, म्हणजे हाडा-कातड्यांपासून केलेल्या गोंदात, कालवलेले आहेत. असा रंग सुकला की खडूसारखा होतो, बोट लावलं तर बोटावर येतो. या पडद्यावरचा रंग पापुद्र्यांनी सुटू लागला होता. कडेचे गळलेले कण गोळा करून मी त्यावर कित्येक वर्षं प्रयोग केले होते, आणि रंगाची छटा न बदलता पापुद्रा जागच्या जागी चिकटवेल असं सरसाचं पातळ मिश्रण शेवटी तयार केलं होतं. आता नाट्यगृहाचं छप्पर दुरुस्तीला निघणार होतं, म्हणून पडदा उतरवून रंगमंचावर पसरणार होते. असा पडदा एकदाच उतरवायचा असतो. गुंडाळणं, हलवणं, टेबलावर घेणं यातलं काहीही त्याला सोसणारं नव्हतं.

"मिश्रण तुमचं आहे, ते कोणी नाकारत नाही," संचालक म्हणाले. "पण हाताने काम करायला बाहेरची एक तुकडी तयार आहे. तुम्ही बाजूला खुर्चीवर बसून सूचना द्या."

सूचना देऊन पापुद्रा चिकटत नाही. मिश्रणाचा थेंब कधी थांबवायचा हे कुंचला धरणाऱ्या हाताला कळतं, आणि ते बोलून दाखवायला मला शब्द सापडत नाहीत.

"पडदा उतरायला अजून दोन महिने आहेत," मी म्हटलं. "त्या दिवशी मी मधल्या नदीवरचा एक तुकडा तुमच्यासमोर करते. जमला नाही तर तुकडीला बोलवा."

"दोन महिन्यांत काय बदलणार?"

"ते मी उद्या विचारून सांगते."

विचारायचं कोणाला, हे मात्र पक्कं होतं. आमच्या घरात खालच्या मजल्यावर माझी धाकटी जाऊ राहते. ती अग्निशमन दलात नव्या भरतीला शिकवते: धुरात रांगत कसं जायचं, माणूस खांद्यावर कसा घ्यायचा, भिंत कशी चढायची. तिच्या गळ्यात सदैव शिट्टी असते, म्हणून सगळं घर तिला शिट्टीच म्हणतं. तिला त्याचं वाईट वाटत नाही. उलट हाक मारल्यावर ती कधीकधी शिट्टीनेच 'ओ' देते.

"खाली बसा," सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली.

"कुठे?"

"खाली म्हणजे खाली, ताई. माळ्यावर म्हटलं का मी?"

मी सोफ्याचा हात धरला, एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग कशीबशी कुशीवर जाऊन बसले.

"तुम्ही बसला नाहीत, पडलात," तिने निकाल दिला. "फक्त सावकाश पडलात. आता उठा."

उठण्याचं वर्णन मी इथे करत नाही.

"गुडघे गेलेत का माझे?"

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"सांधे ठीक आहेत म्हणाले. वापर वाढवा म्हणाले."

"मग वापरू या की! ना यंत्रं, ना वजनं. माणूस लहानपणी न शिकवता जे करतो तेवढंच करायचं. बसायचं, उठायचं, उकिडवं राहायचं, रांगायचं, लोंबकळायचं, ओझं उचलून न्यायचं. सुरुवात अगदी सोपी. संध्याकाळी सोफ्यावर बसायचं नाही."

"एवढंच?"

"एवढं करून दाखवा, मग बोला."

पहिल्या आठवड्यात मी खरंच एवढंच केलं. संध्याकाळचं वाचन जमिनीवर बसून. नियम एकच होता, अवघडल्यासारखं वाटलं की बैठक बदलायची. मांडी, मग पाय एका बाजूला, मग पाय पसरून, मग एक गुडघा उभा. सुरुवातीला एक पान वाचून होईपर्यंत मी चारदा हलत होते. नवरा सोफ्यावर ऐसपैस बसून हे पाहत होता.

"सोफ्याशी काही भांडण झालंय का? मध्यस्थी करू?"

"तुम्ही पण खाली या."

"मी आलो तर वर कोण काढणार? शिट्टीच्या दलाला फोन करावा लागेल."

पुढे उकिडवं बसणं आलं. माझ्या टाचा उचलल्या जायच्या, तर शिट्टीने टाचांखाली टॉवेलची गुंडाळी दिली आणि उघड्या दाराच्या दोन्ही मुठी धरून बसायला लावलं. गुंडाळी हळूहळू बारीक करायची. ती बारीक होत गेली आणि एक दिवस मी ती घ्यायलाच विसरले. किराणा दोन पिशव्यांत समान वाटून जिन्याने वर आणू लागले. फरशीच्या दोन ओळींमधल्या रेघेवरून पाऊल पाऊल चालू लागले. यातलं काहीच मला व्यायामासारखं वाटत नव्हतं. दिवसात आधीपासून असलेल्या गोष्टीच मी जरा खालच्या पातळीवरून करत होते, एवढाच फरक.

रांगणं तेवढं मी टाळलं.

त्याचं कारण आमच्या कामात आहे. आमच्या विभागात नवा माणूस आला की पहिला धडा असतो: वस्तूजवळ उभं राहताना हात पाठीमागे. कशावर टेकायचं नाही, रेलायचं नाही. हात फक्त कामासाठी. बोटाची कातडी खरखरीत झाली तर जुन्या रेशमाचा धागा अडकतो, म्हणून आम्ही हातांना जपतो. कामाच्या आदल्या दिवशी मी भांडी घासत नाही, डबा उघडायचा झाला तर दुसऱ्याला देते. मनगट मुरगळलं तर महिनाभर काम बंद. अशा हातांवर सगळं अंग तोलून फरशीवर रांगायचं, हे माझ्या मनाला पटेना. दोनदा बोळातून रांगले, मनगटं ठणकली, आणि मी ते बाजूला ठेवलं. त्याच सुमारास शिट्टी नव्या भरतीच्या शिबिराला दुसऱ्या गावी गेली. फोनवर ती विचारायची, "सगळं चाललंय ना?" मी म्हणायचे, "चाललंय." चाललं होतंच. जे करत होते ते जोरात चाललं होतं.

हात न लावता जमिनीवरून उठणं हा माझा अभिमानाचा विषय झाला. हातांची मदत घेतली नाही म्हणजे पाय अधिक कामाला लागणार, म्हणजे हाच सगळ्यांत चांगला मार्ग, असा माझा हिशोब. एक दिवस विभागात मी मांडी घातलेली असताना हात पाठीमागे बांधून तशीच उभी राहिले. सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचे सुतार दाराशी रंधा घेऊन उभे होते, ते म्हणाले, "मॅडम, आता झाडावर चढायचं तेवढं राहिलं."

त्या सुतारांनीच फळ्या केल्या. पडद्यावर पाय तर देता येत नाही, म्हणून कडेला आणि पडदा फाटून जमीन उघडी पडलेल्या जागी बुटके ठोकळे ठेवून त्यांवर पडद्यावरून आडव्या लांब फळ्या टाकायच्या आणि फळीवरून खाली वाकून काम करायचं, असं ठरलं होतं. चाकांची गाडी केली असती, पण रंगमंचाला प्रेक्षकांच्या दिशेने उतार आहे. गाडी आपोआप घरंगळली असती.

गोदामात जुनी चादर अंथरून आम्ही रंगीत तालीम घेतली. मी अगदी निर्धास्त होते. फळीच्या टोकाशी उकिडवी बसले आणि तिथेच लक्षात आलं की उकिडव्या माणसाचा हात फळीखालच्या कापडापर्यंत पोचत नाही. पोचवायला पुढे झुकावं तर तोल जातो. पुढे सरकायचं तर फळी अरुंद, म्हणजे हातगुडघ्यांवर. काम करायचं तर एक हात कुंचल्याला आणि सगळं अंग उरलेल्या एका हातावर.

मी रांगत मध्यापर्यंत गेले. उजव्या हातात कुंचला घेऊन डाव्यावर भार दिला. थोड्याच वेळात मनगटातून कळ आली, कोपर थरथरलं, आणि मी खांद्यावर खाली गेले. फळी हलली. कुंचल्यासकट माझा हात आणि खांदा चादरीवर.

चादर होती, म्हणून निभावलं. पडदा असता तर नदीच्या मधोमध माझ्या खांद्याएवढा रंग गेला असता आणि तो जगातल्या कुठल्याही मिश्रणाने परत आला नसता.

"धरू का, मॅडम?" सुतारांनी विचारलं.

"नको." परत तर यायचं होतं, आणि फळीवर वळायला जागा नव्हती. मागे मागे रांगत येताना मला पाय कुठे ठेवायचा तेच कळेना. शेवटी मी पोटावर घसरत आले. कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

पडदा उतरायला आता तीनच आठवडे होते. शिट्टी परवा शिबिराहून आली होती. मी थेट तिच्या स्वयंपाकघरात गेले आणि काही न लपवता सांगितलं.

तिने कणकेचे हात झटकले. "म्हणजे तुम्ही हात कपाटात ठेवलेत आणि बाकीच्या शरीराला शाळेत पाठवलंत."

"हातांना जपते मी. कामच तसं आहे."

"जपा ना. पण ज्याला जपायचं त्याला कधीच काम दिलं नाही, तर ते ऐन वेळी काय करणार? बसणार तोंड फिरवून. दाखवा."

तिने माझी मनगटं दाबून, वळवून पाहिली. इतक्यात माझा नवरा चहाची पूड मागायला आला. "कुठे पोचलंय प्रकरण?"

"हातापर्यंत," मी म्हटलं.

"तू कधी हात टेकशील असं वाटलं नव्हतं मला."

"भावजी, पूड घ्या आणि वर जा," शिट्टी म्हणाली. "नाहीतर तुम्हाला पण रांगायला लावीन." तो दुप्पट वेगाने गेला.

"तीन आठवड्यांत होईल?" मी विचारलं.

"पाय, कंबर, घोटे तयार आहेत. ती मेहनत वाया नाही गेली. मनगटांना आपण पायरी पायरीने नेऊ. पण तुम्ही मला फोनवर 'चाललंय' म्हणायचं नाही. मी समोर पाहणार."

सुरुवात भिंतीपासून झाली. तळवे भिंतीला टेकून उभं राहायचं आणि अंगाचा थोडासा भार पुढे सोडायचा. मग स्वयंपाकाच्या ओट्यावर, मग स्टुलावर, मग जमिनीवर. दर पायरीला हात जरा खाली, भार जरा जास्त. यात मला प्रयोगशाळेची शिस्त ओळखीची वाटली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जमिनीवर पोचल्यावर बोटं पसरून तळव्याच्या सगळ्या भागावर भार वाटायला तिने शिकवलं. मी आतापर्यंत सगळा भार तळव्याच्या मुळावर टाकत होते. मग डावा हात उचलून उजव्या खांद्याला लावायचा, उजवा उचलून डाव्याला, कंबर न डोलवता. मग थोडं पुढे रांगायचं आणि तेवढंच मागे. मागे जाताना पायाच्या अंगठ्याने जमीन चाचपायची, जशी तिची पोरं धुरात चाचपतात.

"गुडघे जमिनीपासून जरा उचला."

"का? फळीवर गुडघे टेकलेलेच असणार."

"म्हणूनच. इथे अवघड करा, तिथे सोपं वाटेल. आणि वाद घालू नका, श्वास सोडा. कोंबून ठेवलाय केव्हाचा."

गच्चीच्या दारात तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या दिराने, एक लोखंडी दांडा बसवलेला होता. त्याला धरून लोंबकळायचं, पाय जमिनीवरच ठेवून, हळूहळू भार हातांवर द्यायचा. मला घट्ट्यांची धास्ती होती. मी दांड्याला जुन्या टॉवेलचं मऊ कापड गुंडाळलं आणि रात्री हातांना तेल लावलं. कातडी होती तशीच राहिली.

मधे एका संध्याकाळी उजवं मनगट सुजलं. मी तरीही दांड्याकडे निघाले होते. शिट्टीने दारात आडवा हात घातला.

"आज नाही."

"दिवस कमी उरलेत."

"अवघड वाटत असेल तर करायचं. दुखत असेल तर थांबायचं. हा फरक मी वीस वर्षांच्या पोरांना ओरडून शिकवते. तुम्हाला हळू आवाजात सांगतेय, एवढाच तुमचा मान."

दोन दिवस मी फक्त चालले आणि जमिनीवर बसले. सूज उतरली. पुन्हा भिंतीपासून सुरुवात केली, आणि या वेळी ओट्यापर्यंत एकाच दिवसात पोचले.

याच सुमारास विभागात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कुंचल्याचं टोक मी सूक्ष्मदर्शकाखाली धरते तेव्हा नेहमी ते किंचित कापताना दिसतं. आता ते कमी कापत होतं. एका बाईच्या दोन हातांवरून नियम काढू नये, तेव्हा मीही काढत नाही. पण मी ते पाहिलं.

पडदा उतरला. तो पसरायलाच एक सबंध सकाळ गेली. पडदा टांगलेला असताना जे उभं दिसायचं, ते गाव आता सपाट पडलं होतं आणि नदी आमच्या पावलांपासून सुरू होत होती. जवळून रंगाला जुन्या भिंतीचा वास येत होता. सगळे कडेने उभे होते, हात पाठीमागे. संचालकांनी बूट काढले होते. शिट्टीला यायचं होतं. मी म्हटलं, ये, पण शिट्टी घरी ठेव. ती म्हणाली, मग मी येऊन करू काय?

नदीच्या मधोमध, एका होडीच्या शिडाखाली, रंगाचा तळहाताएवढा भाग पापुद्र्यांनी उभा राहिला होता. सुतारांनी त्याच्या शेजारून फळी टाकली. मी गळ्यात मिश्रणाची छोटी बाटली अडकवली, खिशात कागदाचे तुकडे घेतले, कुंचला दातात धरला आणि फळीवर हात टेकले.

बोटं पसरली. तळव्याच्या सगळ्या भागावर भार आला. हात, गुडघा, हात, गुडघा. रंगमंचाच्या उतारामुळे फळीची एक कड जरा खाली होती. ती जाणीव मनगटात आली आणि मनगटाने ती सांभाळली. मध्यावर पोचून मी डाव्या हातावर स्थिर झाले आणि उजव्याने कुंचला घेतला.

पहिला पापुद्रा. थेंब त्याच्या कडेला लावायचा, आत शिरू द्यायचा, थांबायचं. पापुद्रा ओला होऊन सैलावतो आणि स्वतःच खाली बसू लागतो. त्यावर झिरझिरीत कागद, कागदावर बोटाचा अगदी हलका दाब, मग कागद अलगद उचलायचा. दुसरा. तिसरा. पुढे मी मोजले नाहीत.

बराच भाग झाल्यावर डावं कोपर थरथरू लागलं. कडेला उभ्या असलेल्या कोणाला ते दिसलं नसावं. मी कुंचला फळीवर ठेवला, कंबर टाचांकडे मागे नेली आणि भार पायांवर घेतला. घोटे मुकाट्याने वाकले. दोन्ही हात मोकळे झाले, मी बोटं हलवली, श्वास सोडला. घाई कसलीच नव्हती. मग पुन्हा पुढे येऊन उरलेला भाग केला.

परत येताना मागे पाहिलं नाही. अंगठा फळी चाचपत होता, गुडघा त्याच्या मागून जात होता. पाय रंगमंचाच्या लाकडाला लागला तेव्हा मी उकिडवी झाले आणि उभी राहिले.

संचालक गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि दुर्बिणीतून शिडाखालची जागा पाहत राहिले. नंतर त्यांनी दुर्बीण माझ्याकडे दिली.

"जागा कुठली होती तेच सापडेना," ते म्हणाले. "त्या तुकडीला नको म्हणून कळवतो. सगळ्या पडद्याला किती दिवस लागतील?"

"पावसाळ्याआधी संपेल. पण एकटीने नाही. माझ्या विभागातले दोघं फळीवर लागतील, आळीपाळीने. आणि त्यांनी आजपासून रांगायला सुरुवात केली पाहिजे."

"रांगायला?"

"भिंतीपासून सुरू करू. मी शिकवीन."

माझ्या दोन्ही सहकाऱ्यांनी पाठीमागचे हात पुढे आणले आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग सगळे चहाला बाहेर गेले. निघताना मी बाटली खोक्यात ठेवली, कागद ठेवले, आणि कुंचला ठेवायला गेले तर तो नव्हता. तो फळीच्या मधोमध राहिला होता, शिडाजवळ.

"आणून देऊ का?" सुतार दारातून म्हणाले.

"तुम्ही चहा घ्या, मी आलेच," मी म्हटलं, आणि पुन्हा फळीवर हात टेकले.